वन्समोअरचं राज्य

तिसरी घंटा होते. धुपाचा वास पहिल्या चार-पाच रांगांपर्यंत पोचतो. कडेला बसलेला ऑर्गनवाला पायांनी भाता चालू करून सूर धरतो आणि पडदा उघडतो, तेव्हा समोर राजा नसतो, राणी नसते. अख्खी मंडळी हात जोडून ओळीनं उभी असते. नांदी होते, सूत्रधार आणि नटी येऊन जातात आणि ‘सौभद्र’ सुरू होतं. नारद पद म्हणतो. शेवटची तान समेवर उतरते न उतरते तोच मधल्या रांगांतून कोणीतरी ओरडतं, ‘वन्समोअर!’ निघालेला नारद थांबतो. पुढचं वाक्य ओठांवर आणून उभा असलेला अर्जुन तोंड मिटतो. सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी लागतंय की अर्जुनाशी, हा प्रश्न पाच मिनिटं बाजूला राहतो. तबलजी पुन्हा ठेका धरतो.

गंमत अशी, की इंग्रज प्रेक्षक गाणं पुन्हा हवं असलं की ‘आँकोर’ असा फ्रेंच शब्द ओरडतो. फ्रेंच आणि इटालियन मंडळी ‘बिस’ म्हणतात. मराठी प्रेक्षकानं शब्द उचलला इंग्रजीतून, पण या कामासाठी खुद्द इंग्रज कधी वापरत नाहीत असा. आणि एकदा उचलल्यावर तो असा काही आपलासा केला, की शंभर वर्षं मराठी नाटकाच्या कंपन्या, नटांचे पगार आणि लेखकांची लेखणी त्याच्या तालावर नाचली. संगीत नाटक मराठी माणसाच्या करमणुकीत एवढं वर कसं चढलं आणि मग घसरलं कसं, हे समजून घ्यायचं तर ही आरोळी धरूनच जावं लागतं.

सुरुवात झाली ती गाण्याच्या वाटणीपासून. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा गाणं होतंच, पण ते सगळं सूत्रधाराच्या गळ्यात. पात्रं येत, हावभाव करत, सुचतील तशी भाषणं करत. त्यांच्या वतीनं गायचं ते सूत्रधारानं. पुढची तीन-चार दशकं साधारण हाच शिरस्ता राहिला. मग पुण्यात पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’चा खेळ झाला. तो पाहणाऱ्यांत बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर होते. मराठीत असं संगीत नाटक का होऊ नये, या इरेला पेटून त्यांनी कालिदासाचं ‘शाकुंतल’ हाती घेतलं आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्याचे पहिले चार अंक रंगमंचावर आणले. बदल एकच होता, पण मुळातला. ज्याचं दुःख त्यानं गायचं. शकुंतलेचं पद शकुंतलेच्या तोंडी, दुष्यंताचं दुष्यंताच्या.

संपूर्ण ‘शाकुंतला’त पदं दोनशेच्या आसपास. आकडा ऐकून आज दडपायला होतं, पण ती पदं लहान होती. साकी, दिंडी, कामदा, ओवी, लावणी अशा कीर्तनात आणि माजघरात रुळलेल्या चाली. पात्रं एकमेकांशी बोलता बोलता त्या गात आणि पुन्हा बोलायला लागत. प्रेक्षकाला चाल आधीच येत असे, नवे असत ते फक्त शब्द. नाटक संपवून घरी जाताना निम्मी पदं पाठ झालेली असत, यात म्हणूनच नवल नाही.

जुन्या संगीत नाटकाची छापील प्रत कुठे मिळाली तर उघडून पाहावी. प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टायपात राग, ताल आणि ‘चाल’ दिलेली असते. चाल म्हणजे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. कधी ती लावणी असते, कधी कानडी पद, कधी उत्तरेकडची ठुमरी. त्या मापात मराठी शब्द बसवायचे. नाटककार हा कवी असे, तसा शिंपीही असे. माप आधी, कापड मागाहून. ज्याला मूळ गाणं ठाऊक नाही त्याला ती ओळ आज निव्वळ कोडं वाटते, आणि अशी कितीतरी कोडी आता सुटण्यापलीकडे गेली आहेत, कारण मूळ गाणी म्हणणारे गळेच राहिले नाहीत.

१८८२ साली ‘सौभद्र’ आलं आणि त्याच वर्षी बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. लोक त्यांना लाडानं ‘भावड्या’ म्हणत. त्यांच्या सुभद्रेच्या आवाजाचं वेड लागलेली माणसं एकच नाटक पुन्हा पुन्हा पाहू लागली. इथे एक गोष्ट बदलली, जी कोणाच्या फारशी लक्षात आली नसावी. प्रेक्षक आता सुभद्रेचं काय होतं ते पाहायला येत नव्हता, ते त्याला पाठ होतं. तो भाऊरावांना ऐकायला येत होता. नटाच्या नावावर तिकीट खपू लागलं. हिंदी सिनेमात पुढे ज्याला स्टार म्हणू लागले, तो प्रकार मराठीत लुगडं नेसून, नथ घालून आधीच अवतरला होता.

गोविंद बल्लाळ देवलांनी ही गाडी थोडी वास्तवाकडे वळवली. त्यांचं ‘शारदा’ १८९९ सालचं. पैशाच्या लोभानं बाप पोटच्या पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो, ही गोष्ट. ना देव, ना गंधर्व, ना शाप. भाषा घरातली, पदंही घरातल्यासारखी. या नाटकानं इतकं घर केलं, की १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात ते देवलांच्या शारदेवरून, असं अनेक मराठी माणसं खुशाल सांगतात. तो कायदा हरविलास सारडा यांच्या नावानं ओळखला जातो. पण हा गैरसमज एखाद्या नाटकाला मिळालेल्या बक्षिसापेक्षा मोठा म्हणायला हवा.

मग आलं बालगंधर्वांचं युग. नारायण श्रीपाद राजहंस या मुलाचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याला ‘बालगंधर्व’ म्हटलं. १९०५ साली तो किर्लोस्कर मंडळीत शिरला आणि १९११ च्या ‘मानापमान’पासून नाटकाचा नूर पालटला. नाटककार होते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. ‘केसरी’तले टिळकांचे सहकारी. त्यांच्याच ‘कीचकवध’ या गद्य नाटकावर सरकारनं बंदी घातली होती. चाली दिल्या गोविंदराव टेंब्यांनी, आणि त्या आणल्या थेट उत्तर हिंदुस्थानातून. ठुमरी, कजरी, होरी अशा गोडव्याच्या. १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी त्याहून पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी ख्यालाच्या बंदिशीच नाटकात आणून बसवल्या.

पदांची संख्या कमी झाली, लांबी वाढली. किर्लोस्करांच्या पात्रांची पदं बोलण्याच्या ओघात येत; आता पद आलं की बोलणं थांबे आणि मैफल सुरू होई. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष होते. एखाद्या संस्थानिकाच्या दरबारातही अशी साथ मिळायची मारामार. गावोगावच्या पिटातला प्रेक्षक मात्र स्वस्तातल्या तिकिटावर ती ऐकत होता. शास्त्रीय संगीत महाराष्ट्रात कारकुनाच्या, शिक्षकाच्या, सोनाराच्या घरात गेलं ते प्रामुख्यानं नाटकाच्या दारातून. राग भीमपलास म्हणजे काय हे त्याला सांगता आलं नसतं, पण ‘स्वयंवर’मधल्या रुक्मिणीचं अमुक पद चुकीच्या सुरात कोणी गायलं तर तो कान टवकारे.

वन्समोअरनं या काळात धुमाकूळ घातला. नाटक रात्री नऊ-दहाला लागायचं आणि उजाडता उजाडता संपायचं. एकेका पदाला दोन-दोन, तीन-तीन वन्समोअर. बालगंधर्व दर वेळी पद निराळ्या वळणानं गात, त्यामुळे मागणाऱ्याचंही चूक म्हणता येत नसे. त्याला तेच गाणं पुन्हा नको होतं, त्याच गाण्यातलं पुढचं काही हवं होतं. परदेशातल्या म्युझिकलमध्ये हे घडणं कठीण. तिथे वाद्यवृंदासमोर स्वरलिपी असते, गाणं किती मात्रांत संपणार ते ठरलेलं असतं. संगीत नाटकात ते ठरवण्याचा हक्क नटाइतकाच प्रेक्षकाचा होता.

बायका नटाच्या लुगड्याचे काठ पाहत, दागिन्यांची घडण लक्षात ठेवत आणि सोनाराकडे जाऊन तशीच मागत. पुरुषानं दाखवलेला बाईचा नखरा बायकांनी उचलला, यावर समाजशास्त्रज्ञांनी अजून बरंच लिहायला हवं. खऱ्या पैठण्या, शालू, उंची अत्तरं यांवर गंधर्व मंडळीचा पैसा पाण्यासारखा जाई. कंपनी म्हणजे मोठं फिरतं बिऱ्हाडच. पडदे, पेट्या, आचारी, शिंपी, साथीदार, त्यांच्या पंगती. मुक्काम हलला की सगळं बाडबिस्तार आगगाडीत चढे. एवढा डोलारा रोजच्या गल्ल्यावर उभा होता, आणि गल्ला होता एका गळ्यावर.

या काळाचं टोक म्हणजे ८ जुलै १९२१. मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या टिळक स्वराज्य फंडासाठी एका रात्रीपुरत्या एकत्र आल्या. बालगंधर्व नायिका भामिनी, ललितकलादर्शचे केशवराव भोसले नायक धैर्यधर. शंभर रुपयांपर्यंतची तिकिटं होती, आणि शंभर रुपयांत तेव्हा मध्यमवर्गीय घर कितीतरी दिवस चाललं असतं. या रात्री कोण सरस ठरलं यावर पुढच्या दोन पिढ्या भांडल्या. केशवराव त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले.

दुखणं मात्र याच भरभराटीत वाढत होतं. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली, ते गेल्यानंतर महिन्याभरात रंगमंचावर आलं. दारूनं उद्ध्वस्त झालेल्या घराची ही शोकांतिका. तिच्यातली सिंधू जात्यावर लोकांची दळणं दळते. आणि तिला पदं आहेत, ती गडकऱ्यांचे मित्र विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली. घरात दाणा नाही, नवरा शुद्धीवर नाही, आणि प्रेक्षागृहातून आवाज येतो, ‘वन्समोअर!’ त्या आवाजात निर्दयपणा नव्हता. प्रेक्षकाला सिंधूचं दुःख कळत होतं, पण ते दुःख इतकं सुरेल होतं की आणखी थोडं मिळालं तर हवंच होतं. गद्य नाटकवाले यावर टीका करत. मराठीत तर साध्या नाटकालाच ‘गद्य नाटक’ असं वेगळं नाव द्यावं लागे. गाण्याशिवाय नाटक हा अपवाद होता.

१९३२ साली प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट झळकला. त्यात हरिश्चंद्राच्या भूमिकेत कोण, तर ‘मानापमान’चे गोविंदराव टेंबे. संगीतही त्यांचंच. बोलपटानं संगीत नाटक मारलं असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. बोलपटानं नाटकातली माणसं उचलली, आणि गाण्यासह उचलली. भास्करबुवांचे शिष्य आणि गंधर्व मंडळीतले गायक-नट मास्तर कृष्णराव प्रभातमध्ये ‘माणूस’, ‘शेजारी’ अशा चित्रपटांना संगीत देऊ लागले. मूळचे गोव्यातल्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर १९१८ साली स्थापन झालेल्या बळवंत संगीत मंडळीचे एक मालक आणि नायक; कंपनी डबघाईला आल्यावर त्यांनीही सिनेमा काढून पाहिला, पण जमलं नाही. त्यांच्या मोठ्या मुलीचं ‘लता’ हे नाव गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’ नाटकातल्या लतिकेवरून पडलं असं सांगतात. म्हणजे पुढच्या काळात ज्या आवाजावर सगळा देश झोपी गेला आणि जागा झाला, तो नाटक कंपनीच्या बिऱ्हाडातच तयार झाला होता.

बोलपटाचं एक मात्र खरं. तिथे गाणं तीन मिनिटांत संपायचं आणि पडद्यावरच्या नायिकेला कोणी वन्समोअर देऊ शकत नव्हतं. पुन्हा ऐकायचं तर पुन्हा तिकीट काढा. चार आण्यांत तीन तासांचा खेळ, तोही रोज तीनदा. पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकाला या हिशेबापुढे टिकाव धरणं शक्यच नव्हतं. गंधर्व नाटक मंडळी १९३४ साली बंद पडली. दुसऱ्याच वर्षी खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त पुरुषवेषात, एकनाथ होऊन आले.

मधल्या काळात रंगभूमीनं स्वतःच्या गळ्याला लगाम घालून पाहिला. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाट्यमन्वंतर संस्थेच्या नाटकात बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या, आणि गाणी मोजकी, भावगीताच्या अंगानं जाणारी ठेवली. संगीत केशवराव भोळ्यांचं, गायला ज्योत्स्ना भोळे. १९४२ च्या ‘कुलवधू’नं तीच वाट पक्की केली. आणि मग १९६० नंतर कोणाच्या ध्यानीमनी नसताना लाट उलटली. विद्याधर गोखल्यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’ला संगीत दिलं वसंत देसाईंनी, जे प्रभातमध्ये घडले होते. नाटकातनं सिनेमात गेलेलं गाणं सिनेमातनं नाटकात परतलं.

या लाटेतलं सर्वात सुजाण नाव जितेंद्र अभिषेकींचं. तेही गोव्याचेच, मंगेशीचे. १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’त आणि त्यानंतरच्या ‘ययाति आणि देवयानी’त त्यांनी पद प्रसंगाच्या मापानं कापलं. चाल भरदार, पण पसरलेली नाही. नाटक अडीच-तीन तासांत बसवायचं होतं, शेवटची लोकल गाठायची होती. हे शहाणपण काही अंशी वेळापत्रकानंही शिकवलं असणार. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’नं तर १९६७ च्या अखेरीला पेचच सोडवला. पात्रं का गातात, हा प्रश्नच उरला नाही. ती गवईच होती. खाँसाहेबांच्या भूमिकेतले वसंतराव देशपांडे, ज्यांनी बरीच वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत गाणं सांभाळलं होतं, त्यांना दुसऱ्याच्या घराण्याचं गाणं ऐकून तळमळणारा गवई रंगवायचा होता. इथे वन्समोअर आला तरी गोष्ट अडत नसे, कारण गाणं हीच गोष्ट होती. २०१५ साली सुबोध भाव्यांनी त्याचा चित्रपट केला तेव्हा शास्त्रीय संगीताला कोण येतं म्हणणाऱ्यांना थिएटरांबाहेरच्या रांगांनी उत्तर दिलं.

मराठीत संगीत नाटकाचा इतिहास लिहिताना एक नाटक बहुतेक जण बाजूला ठेवतात, आणि ते पटत नाही. विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’, १९७२. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत. नावाआधी ‘संगीत’ लावलेलं नाही, पण ते पहिल्यापासून शेवटपर्यंत गातं आणि नाचतं. अभंग, लावणी, कीर्तन सगळं त्यात आहे. ओळीनं उभी असलेली ब्राह्मणांची मानवी भिंत क्षणात पडदा होते, क्षणात पुणं होते. नांदीची ओळ आठवते? तीच ओळ, फक्त हात जोडलेले नाहीत. आणि यातल्या गाण्याला वन्समोअर मागावासा वाटत नाही, कारण गाणं सुटं काढताच येत नाही. किर्लोस्करांना अभिप्रेत असलेलं बोलता बोलता गाणारं नाटक नव्वद वर्षांनी असं, वाकड्या वाटेनं परत आलं.

आज व्यावसायिक नाटकांच्या जाहिरातींत ‘संगीत’ हा शब्द क्वचित दिसतो. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी १९४९ साली पुण्यात काढलेली ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था आणि त्यांची मुलगी कीर्ती शिलेदार यांनी जुनी नाटकं किती वर्षं खांद्यावर वाहिली, त्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. कीर्तीताई २०२२ साली गेल्या. कोल्हापुरात केशवराव भोसल्यांच्या नावाचं नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. दुसरीकडे प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ २०१७ पासून काही वर्षं भरल्या नाट्यगृहांत चाललं. दोनच बायका रंगमंचावर, तुकारामांची आवली आणि लखुबाईच्या रूपातली रखुमाई. ना शालू, ना तानांची आतषबाजी. तरुण पोरं रडून बाहेर पडत.

पण नाटकं मागे पडली तरी पदं सुटली नाहीत. आकाशवाणीवर, गणपतीतल्या मैफलींत, दूरचित्रवाणीवरच्या लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धांत ती अजून आहेत. कोकणातल्या भजनीबुवांनी तर त्यांच्या चालींवर अभंग बसवले. ज्या गळ्यांना हे पद कोणत्या अंकातलं, कोण कोणाला म्हणतंय, याचा पत्ता नसतो तेही ती गातात. वन्समोअर मागत मागत मराठी माणसानं शेवटी नाटकातून गाणं काढून खिशात घातलं, असं म्हणायला हरकत नाही.

पूर्ण नाटक बघायचं तर गोव्यात जावं. तिथे जत्रेच्या रात्री पालखी देवळात परतली की प्राकारात पडदा लागतो. नट गावचेच, दिवसा शाळेत शिकवणारा रात्री कृष्ण होतो. बऱ्याच घरांतून दोन-तीन पिढ्यांनी एकच भूमिका केलेली असते. शहरात ‘सौभद्र’ तीन तासांत बसवायचं म्हणून शंभरावर पदांमधली निवडक तेवढी ठेवतात आणि बाकीच्यांवर पेन्सिलीची रेघ मारतात. नाट्यगृह ठरावीक वेळेपुरतंच भाड्यानं मिळतं, पुढच्या खेळाची माणसं दारात उभी असतात. देवळाच्या प्राकाराला भाडं नाही. तिथे रेघ मारलेलं एखादं पद परत घातलं तरी कोणी घड्याळ दाखवत नाही. पहाट व्हायला येते, दव पडू लागतं, आणि मागच्या ओळीत आईच्या मांडीवर झोपलेलं पोर एखाद्या तानेनं दचकून उठतं, दिव्यांकडे बघतं आणि पुन्हा कूस बदलतं.